पहिली मॅरेथॉन आणि घरचा हातभार

(लोणावळा येथील शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी मला ‘शालेय क्रीडा आणि पालक’ हा विषय देण्यात आला आहे. विषय योग्यच आहे; परंतु तो इतका विस्तीर्ण आहे की, तासभर बोलूनही आपल्या हाती काही लागू नये. म्हणून मी त्याचा एकच कोपरा धरते. मनुष्य आयुष्यात प्रथमच मॅरेथॉन धावतो, तेव्हा त्याच्या घरात काय घडते, एवढेच मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे. धावणाऱ्याच्या पायांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या घरचा स्वयंपाक त्या दिवशी कोणी केला, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. माझे मत असे आहे की, पहिल्या मॅरेथॉनचा निकाल बहुधा तेथेच लागलेला असतो.

प्रथम शब्दाविषयी थोडे. हल्ली तीन किलोमीटरांच्या फेरीसही मॅरेथॉन म्हणण्याची रूढी पडली आहे. शिक्षकांनी तरी शब्द तोलून वापरावा. १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत प्रथम झाली, तेव्हा तिचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते, आणि ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून उदरनिर्वाह करणारा ग्रीक तरुण होता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठेवले गेले आणि १९२१ पासून तेच प्रमाण मानले जाते. मुलांना हा आकडा समजावयाचा नाही. त्यांना असे सांगावे की, लोणावळा स्थानकावरून रुळांच्या कडेकडेने निघालो, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव मागे टाकले आणि देहूरोडच्याही पुढे आकुर्डीच्या वाटेवर आलो, म्हणजे एक मॅरेथॉन पुरी होते. मुले ताबडतोब ‘बाप रे!’ म्हणतात, आणि भूगोल व अंकगणित यांचा एक पाठ आयताच होतो.

हे अंतर आपल्या मुलखाला नवे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटांच्या आसपास पुरे केले आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकरी वर्गातील अनवाणी तरुण धावताना पाहून ज्यांच्या मनात भारताचा संघ पाठविण्याचा विचार आला, ते दोराबजी टाटा. आपल्या लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन खोपोलीस वीज निर्माण करण्याचे काम १९१५ साली सुरू झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. चौगुल्यांच्या मागे असा धनवंत आश्रयदाता उभा राहिला. आपल्या वाडीवस्तीतल्या मुलीच्या मागे कोण उभे राहणार? तिची आई, आजी, भाऊ. दुसरे कोणी नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर जगाने फार उशीर केला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली, आणि ती त्यांच्या प्रकृतीस झेपत नाही असा गिल्ला करून पुढे १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. ज्या बायका डोक्यावर दोन हंडे घेऊन डोंगर चढत होत्या, त्यांना कोणी विचारलेच नव्हते!

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाविषयी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी धावू लागले आणि चौपन्नाव्या वर्षी पुण्यात डिसेंबरमध्ये होणारी पूर्ण मॅरेथॉन धावले. ही पुण्याची शर्यत १९८३ साली सुरू झाली. माझा वेळ ५ तास ४७ मिनिटे. सांगण्यासारखा नाही, परंतु शिक्षकांपुढे आकडा लपवू नये. वैद्यकीय तपासणी आधी करून घेतली होती. पन्नाशीनंतर ती केल्यावाचून कोणीही या वाटेस जाऊ नये.

सराव वीस आठवड्यांचा होता. आठवड्यास सरासरी सात तास धरले, म्हणजे एकशे चाळीस तास झाले. धावण्याचे, धावून आल्यावर अंग मोकळे करण्याचे, आणि रविवारच्या लांब धावेनंतर निपचित पडून राहण्याचे. हे तास आकाशातून पडत नाहीत. ज्या घरात पहाटे पाचला पाणी येते, सातला दोन डबे भरावे लागतात आणि ऐंशी वर्षांच्या सासूबाईंना औषध द्यावे लागते, त्या घरात माझा धावण्याचा प्रत्येक तास कोणाच्या तरी तासातून वजा होत होता. पहिल्याच आठवड्यात सूनबाईने हे नेमके ओळखले. तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावला. त्यावर वार लिहिले आणि प्रत्येक वारापुढे पाणी, डबे, औषध, नातीची वेणी अशी कामे आणि ती करणाऱ्याचे नाव. आमच्या यजमानांच्या नावापुढे डबे आले. रेल्वेच्या सेवेत त्यांची सारी हयात गेली. पोळी लाटण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. पहिले पंधरा दिवस मुलाने नकाशासारख्या पोळ्या डब्यात नेल्या, आणि कोणी कुरकुर केली नाही. हीच मी खरी मदत समजते.

सासूबाईंचा आरंभी विरोध होता. “या वयात कशाला ही धावपळ? देवळात जा, चार पावलं चाल, पुरे झालं,” असे त्या म्हणत. जुलै-ऑगस्टात आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे आपणांस ठाऊक आहे. धुक्यात समोरचे माणूस दिसत नाही आणि एकदा भिजलेले बूट तीन दिवस वाळत नाहीत. एके दिवशी मी परतल्यावर पाहते, तो सासूबाई माझ्या बुटांत वर्तमानपत्राची रद्दी कोंबून बसल्या आहेत. दर दोन तासांनी त्या रद्दी बदलीत. पुढे पावसाळाभर ते काम त्यांचेच झाले. त्यांनी मला ‘धाव’ असे तोंडाने कधीच म्हटले नाही.

ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, लांब पल्ले आले. लोणावळ्याहून पहाटे निघून प्रथम कामशेतपर्यंत, सुमारे सोळा किलोमीटर. मग दर आठवड्यास थोडे थोडे वाढवीत वडगावपर्यंत. आणि शेवटी तळेगावपर्यंत, सुमारे तीस. परत येताना लोकल. यजमान स्कूटरवर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि केळी घेऊन ठरावीक ठिकाणी थांबत. जुन्या हमरस्त्यावर पहाटेही मालमोटारी धावतात, त्यामुळे एकट्या बाईने तेथे अंधारात धावणे मला प्रशस्त वाटत नाही. स्कूटरचा दिवा मागे असणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे होते. तीसहून अधिक सरावात धावावयाचे नसते, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर उलट कमी करावयाचे असते. नवखा माणूस नेमका त्या वेळी घाबरून जास्त धावतो. त्या काळात घरातील शहाण्या माणसाने त्याला बसवून ठेवावे.

शर्यतीच्या दिवसाविषयी एकच गोष्ट सांगते, कारण ती उपयोगाची आहे. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर साधारणतः तीस-बत्तीस किलोमीटरांच्या सुमारास सरत येते. पाय जड होतात, मन चिडचिडे होते, आणि ‘आपण हे कशासाठी आरंभिले?’ असा प्रश्न पडतो. घरची मंडळी मात्र हार घेऊन अंतिम रेषेवर उभी राहतात. तेथे त्यांची गरज नसते. तेथे पोहोचलेला माणूस पोहोचलेलाच असतो. आमची सूनबाई नातीला घेऊन तेहतिसाव्या किलोमीटरपाशी उभी होती. तिच्या हातात गूळ आणि शेंगदाणे होते. नात म्हणाली, “आजी, लवकर ये, मला भूक लागली आहे.” मला हसू आले आणि मी चालायचे थांबवून पुन्हा धावू लागले. पाण्याविषयीही सांगून ठेवते: तहानेपुरते प्यावे. भीतीने घटाघटा पाणी पिणे हे न पिण्याइतकेच घातक ठरू शकते, कारण रक्तातील क्षार पातळ होतात.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण आपण सर्वांनी ऐकले असेल. बारामतीजवळ राहणाऱ्या लता भगवान करे यांनी २०१३ साली तेथील शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, अनवाणी धावून पहिला क्रमांक मिळविला. अंतर तीन किलोमीटर होते. पतीच्या आजाराच्या तपासणीस पैसे हवे होते आणि बक्षीस पाच हजार रुपयांचे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. या कथेने डोळे पाणावतात, हे खरे. परंतु वर्गात सांगताना सावध असावे. साठीच्या स्त्रीला औषधपाण्यासाठी धावावे लागते, यात तिचा गौरव आहे, तसा आपल्या सर्वांस बोलही आहे. घराने धावणाऱ्याचा भार उचलावा, ही रीत. येथे धावणारीनेच घराचा भार उचलला.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरण वेगळे. शेतकरी कुटुंबातील ही मुलगी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली. पुढे तिने ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत धरली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. धावपट्टीवरील शर्यतीत भारतीय खेळाडू अंतिम फेरीस पोहोचला तो पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी. माणच्या कोरड्या रानातून हे घडते, तर मावळातून का घडू नये?

घडत नाही, त्याचे कारण पायांत नाही. पवन मावळातील एका वाडीवर सातवीत एक मुलगी होती. सहाशे मीटर अतिशय सुरेख धावे. तिचे गुरुजी तीनदा घरी गेले. प्रत्येक वेळी त्यांनी मुलीची स्तुती केली, वडिलांना धन्यता वाटली, चहा झाला, आणि मुलगी सरावास आली नाही. चौथ्या वेळी गुरुजींनी स्तुती बाजूस ठेवली आणि विचारले, “सकाळचं पाणी कोण भरतं?” तीच भरीत होती, शिवाय धाकट्या भावाला सांभाळीत होती. आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “थोरल्याला काय हात नाहीत व्हय?” नववीतला थोरला भाऊ दुसऱ्या दिवसापासून पाणी भरू लागला आणि मुलगी मैदानावर आली. तालुक्याला तिचा तिसरा क्रमांक आला. भातलावणीत सहा आठवडे ती पुन्हा नाहीशी झाली. गुरुजींनी ते गृहीत धरले होते, रागावले नाहीत. ती आता आठवीसाठी चार किलोमीटर चालत जाते. पुढे धावेल की नाही, मला सांगता येत नाही.

शाबासकी आणि हातभार यांतील हा भेद आपण ध्यानी घ्यावा. शाबासकीस काही मोल पडत नाही, म्हणून ती विपुल मिळते. आपल्यापैकी काही शिक्षकबंधू हल्ली पहाटे उत्साहाने धावतात; त्याबद्दल मला आनंदच आहे. मात्र ‘घरचा पूर्ण पाठिंबा आहे’ असे सांगण्यापूर्वी त्या वेळी डबा कोण करीत असते, हे एकवार घरी विचारावे. आणि ज्या भगिनींच्या मनात धावण्याचे आहे, त्यांनी परवानगी मागू नये. कामांची वाटणी मागावी. परवानगी एका शब्दात मिळते आणि एका शब्दात जाते.

एक निर्बंध मात्र कटाक्षाने पाळावा. उत्साहाच्या भरात मुलांना लांब पल्ल्यास जुंपू नये. २००६ साली ओडिशात बुधिया सिंग या चार वर्षांच्या बालकाला पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर धावविण्यात आले, देशभर कौतुक झाले, आणि अखेर सरकारला त्याचे धावणे थांबवावे लागले. वाढत्या हाडांना खेळ हवा, उड्या हव्यात, छोटी वेगवान धाव हवी. आपल्या शाळेतील मुलामुलींना सहाशे मीटर पुष्कळ आहे. मॅरेथॉन अठरा वर्षांनंतरची गोष्ट आहे. तोवर घराला सवय लावण्याचे काम आपले.

त्यासाठी एवढे करावे. भातकापणी आटोपल्यावर, झोडणी सुरू होण्यापूर्वी जी चार दिवसांची सवड मिळते, तीत पालकसभा घ्यावी. आधी घेतल्यास कोणी येणार नाही. सभेस आजीला अवश्य बोलवावे. खेळांच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे एक रकाना वाढवावा: ‘सकाळचे काम कोणी घेतले?’ त्यात नाव लिहून घ्यावे, नुसते ‘होय’ नको. वह्या डिसेंबरच्या केंद्रबैठकीस आणाव्यात. ज्या घरचा रकाना कोरा असेल, तेथे मी स्वतः आपल्याबरोबर येईन. दुपारी चारनंतर मला सवड असते.