नाळेतील रक्त कोणाचे?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या मातापित्यांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्या गावी आपली नाळ पुरली त्या गावाचे नाव आपले वाडवडील अखेरपर्यंत विसरले नाहीत. आज परळ-लालबागच्या माता इस्पितळात प्रसूत होतात आणि नाळ व वार टाकाऊ म्हणून जाळली जाते. ह्या टाकाऊ वस्तूवर धर्मगुरूने बोलावे ह्याचे नवल वाटेल, परंतु गेल्या आगमनकाळात पत्नीचे दिवस भरत आलेला एक तरुण एका खाजगी रक्तपेढीचे पत्रक घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, “फादर, बाळाच्या नाळेचे रक्त साठवायचे तर कर्ज काढावे लागेल. न काढले, तर बाप म्हणून मी उणा पडेन काय?”

उत्तर देण्यापूर्वी मी जाणत्या डॉक्टरांस विचारून घेतले. बाळ जन्मून नाळ कापल्यावर तीत व वारेत जे थोडे रक्त उरते, त्यात नवे रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी असतात. ते घेताना मातेस वा बालकास वेदना होत नाहीत. मात्र त्यापायी नाळ कापण्याची घाई होता कामा नये. १९८८ साली पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमन ह्यांनी आनुवंशिक रक्तविकार जडलेल्या एका मुलास असे रक्त दिले व तो वाचला. पुढे ल्युकेमिया, थॅलेसेमिया ह्या व्याधींतही त्याचा उपयोग झाला.

पण ध्यानात घ्या, त्या मुलाला स्वतःचे नव्हे, नवजात बहिणीचे रक्त मिळाले होते. जन्मजात दोष असेल तर तो बालकाच्या स्वतःच्या नाळेतील रक्तातही असतोच! म्हणूनच पुढेमागे स्वतःच्या उपयोगासाठी हे रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. घरात अशा व्याधीने आजारी असलेले मोठे मूल असेल, तर गोष्ट वेगळी; त्या मातेने प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

खरे मोल आहे ते परक्याच्या लेकरासाठी दिलेल्या रक्ताचे. पेशींचा मेळ आपल्याच देशबांधवांत जुळण्याचा संभव अधिक. पवित्र सभेनेही २००८ च्या ‘डिग्नितास पर्सोने’ ह्या लेखात प्रसूतिसमयी नाळेच्या रक्तातून मूळपेशी घेणे सामान्यतः ग्राह्य मानले आहे. परंतु तपासणीचा व उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवण्याचा खर्च मोठा, आणि दान स्वीकारणारी सोय आपल्याकडे फार तोकडी. स्वतःसाठी साठवा म्हणणारे दारोदार येतात, दुसऱ्यासाठी द्या म्हणणारा क्वचितच भेटतो, ह्याचा मला विषाद वाटतो.

असो. तरुणांस दुसरी वाट मोकळी आहे. १९८३ साली आपल्याच परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी अस्थिमज्जारोपण केले, तेव्हाही देणारे भावंडच होते. आता मूळपेशीदात्यांची नोंदणी होते. गालाच्या आत कापसाची काडी फिरविली की नमुना झाला. मेळ जुळलाच, तर पेशी बहुधा हाताच्या शिरेतून घेतात.

त्या तरुणास मी कर्ज काढू नकोस असे सांगितले. त्याला कन्या झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी तो दोघा भावांस घेऊन आला आणि नोंदणी कोठे करावयाची, हे तिघांनीही मला विचारले.