शांततेची किंमत कोणी मोजायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर पदार्थविज्ञानावर बोलायचे ठरवले, याचे काहींना नवल वाटले असेल. कांद्याचा भाव, रात्रीची वीज आणि बिबट्याचे भय समोर असताना विश्वरचनेची चर्चा ही रिकामपणाची चैन वाटण्याचा संभव आहे. परंतु खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्याच शिवारात उभी आहे, आणि पुणे-नाशिक रेल्वेच्या निमित्ताने ती आता आपल्या राजकारणातही आली आहे. तिच्याविषयी भूमिका घेण्यापूर्वी ती समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

आजचे मोठे विज्ञान एका विद्वानाच्या प्रयोगशाळेत मावत नाही. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेने जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाचे यंत्र उभारले आहे. त्यात प्रोटॉनांचे झोत समोरासमोर आदळवून पदार्थाच्या मूलकणांचा शोध घेतला जातो. 2012 साली जाहीर झालेला हिग्ज कणाचा शोध तेथलाच. तेथील सीएमएस या प्रचंड शोधकयंत्राचा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व पंजाब विद्यापीठाने मिळून घडवला. खोडदची दुर्बीण याच टाटा संस्थेची. संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. एक यंत्र कणांच्या पोटात शिरते, दुसरे आकाशगंगांच्या पलीकडे जाते, जिज्ञासा एकच.

परंतु एक भेद आपल्या दृष्टीने कळीचा आहे. जिनिव्हाचे यंत्र भुईखाली चालते आणि वर शेते पिकत राहतात, गावे नांदत राहतात. खोडदचे यंत्र मात्र ऐकणारे आहे. त्याने ऐकावे म्हणून भोवतालच्या माणसांना काही बाबतींत गप्प राहावे लागते.

हे यंत्र म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांपैकी 14 खोडदजवळ एकत्र आहेत आणि 16 तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. डोंगरांचा आडोसा आणि त्या काळी असलेली रेडिओ लहरींची शांतता पाहून ही जागा निवडली गेली. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी 1965 साली कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या 32 लहान तबकड्यांवर आरंभ केला होता. खोडदला त्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारदोरांवर ताणलेली पोलादी जाळी वापरली. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च वाचतो. गरीब देशाने श्रीमंतांची नक्कल न करता स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढला, याचा हा धडा आहे. 2023 साली दूरवरच्या स्पंदक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वात भरून राहिलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले. त्यातही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा आहे.

हे संकेत इतके क्षीण असतात की चंद्रावर एखादा मोबाइल फोन ठेवला, तर तोही या दुर्बिणीला आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. म्हणूनच परिसरात मोबाइलचा मनोरा असो वा नवा कारखाना, प्रथम दुर्बिणीचा विचार करावा लागतो. रेल्वेचेही तेच झाले. 2025 साली केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी दुर्बिणीचे कारण देऊन नारायणगाव परिसरातून जाणारा मार्ग शक्य नसल्याचे सांगितले, आणि वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांत संताप उसळला.

हा संताप अडाणीपणाचा आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दुर्बीण साऱ्या देशाची, तिचे ज्ञान साऱ्या मानवजातीचे. मग तिच्यासाठी राखायच्या शांततेचा भार दोनच तालुक्यांनी का वाहावा? तितकेच ठामपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘दुर्बीण हलवा’ ही घोषणा टाळ्या मिळवून देईल, पण ती आपली नव्हे. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले, कोणा भांडवलदाराच्या मालकीचे नसलेले, जगभरच्या संशोधकांना केवळ गुणवत्तेवर वेळ देणारे हे साधन आहे. ते आपण गमावले, तर त्याची जागा शेतकऱ्याचे हित घेणार नाही. जमिनीचे दलाल घेतील.

तेव्हा आपली मागणी कोणती? पहिली, रेल्वे किती अंतरावरून आणि कोणत्या तंत्राने गेली तर निरीक्षणांना बाधा येणार नाही, याची मोजमापे उघडपणे, मराठीत, ग्रामसभांपुढे ठेवावीत. निर्णय शास्त्रीय असेल तर त्याला लोकांपुढे येण्याचे भय नसावे. दुसरी, ज्यांच्या विकासाला मर्यादा पडते त्यांना भरपाई हक्काने मिळावी; शिक्षण, आरोग्य आणि दुर्बिणीला न बाधणारा रोजगार या रूपांत ती देता येईल. तिसरी मागणी विजेची. सैल तारा आणि फुटक्या चिमण्यांतून उडणाऱ्या ठिणग्या दुर्बिणीच्या कानात कर्कश आवाज करतात. याच नादुरुस्त वाहिन्यांपायी शेतकऱ्याची मोटार जळते. त्या दुरुस्त झाल्या तर शास्त्रज्ञ आणि शेतकरी दोघांचेही काम होते. या प्रश्नावर दोघांनी एकत्र येऊन वीज कंपनीकडे का जाऊ नये?

दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त खोडदला दुर्बीण पाहण्यासाठी शाळकरी मुलांची रीघ लागते. आदिवासी पाड्यांवरील मुलांनी वर्षातून एकदा ती लांबून पाहावी, एवढ्यावर आपण समाधान मानता कामा नये. भीमाशंकरच्या कुशीतल्या आश्रमशाळेतील मुलगी उद्या तेथे संशोधक म्हणून बसली पाहिजे. तिच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक आहे का, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, हे पाहणे तुमचे-माझे काम आहे. ज्या दिवशी ही माणसे त्या यंत्राच्या आत दिसतील, त्या दिवशी शांतता राखणे हे त्यांना ओझे वाटणार नाही.