बंदिवानाची भेट



भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला धीर. या दयाकृत्यांच्या पंक्तीतच ख्रिस्ती धर्माने बंदिवानाच्या भेटीला स्थान दिले आहे. तो निर्दोष असावा, अशी अट तेथे नाही.

ही भेट कशी असावी, हे क्वेकर पंथाच्या एलिझाबेथ फ्राय यांनी दाखविले. १८१३ साली त्या लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या, तेव्हा तेथे शेकडो स्त्रिया लेकरांसह दाटीवाटीने कोंडलेल्या होत्या. त्यांना कपडे तर दिलेच. पण १८१७ साली बाईंनी त्या मुलांसाठी शाळा काढली आणि शिक्षिका निवडली ती कैदी स्त्रियांतूनच. पुढे शिवणकाम सुरू झाले, तेव्हा शिस्तीचा एकेक नियम वाचून दाखविण्यात आला व त्या स्त्रियांनी हात वर करून संमती दिल्यावरच तो ठरला. ज्यांना कोणी विचारीत नसे, त्यांना मत विचारले गेले! माझ्यासारख्या शिक्षकाला यातच सेवेचे मर्म दिसते.

आपल्या देशात २०२२ च्या अखेरीस दर चार बंदींपैकी सुमारे तीन जण खटल्याच्या निकालाची वाट पाहत होते. अशांसाठी घरी पत्र लिहावे, वकिलाकडे चौकशी करावी, निरक्षराला अक्षरे शिकवावीत. प्रार्थना त्याने इच्छिली तर अवश्य करावी. तिची सक्ती नसावी.

अपराध्याचा एवढा कैवार कशाला, असे कोणी विचारील. शिक्षा ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. भेटीस जाणाऱ्याने आपल्या तिरस्काराची भर तीत घालू नये, एवढेच माझे मागणे आहे.