धामारीपासून एडनपर्यंत

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मंडळींना, आणि विशेषतः तिथल्या गुरुजींना, आज मी तुमच्याच शिवारातली एक हकीकत सांगणार आहे. वासुदेव बळवंत फडके हे नाव तुम्हांला नवे नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादी ओळ असते, मुले ती पाठ करतात आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. पण फडक्यांच्या बंडाचा पहिला घाव कुठे पडला असे विचारले, तर कितीजण सांगतील? तो पडला धामारीला. मस्तानीच्या पाबळच्या शेजारची ही धामारी, तालुका शिरूर. साल १८७९, फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा.

धामारीच का, हे समजायचे तर आधी थोडे मागे आणि बरेच लांब जावे लागेल. अगदी अमेरिकेपर्यंत.

१८६१ ते १८६५ ही चार वर्षे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून तिथल्या गिरण्यांनी मुंबईकडे हात पसरला. कापसाचा भाव काही पटींनी चढला. आपल्या भीमथडीत कापूस फार पिकत होता असे नाही. पण बाजारात पैसा खेळू लागला की तो सगळीकडे झिरपतो. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले आणि कुणब्यानेही सढळ हाताने अंगठा उठवला. युद्ध संपले, भाव कोसळला आणि सावकाराची मूठ मिटली. त्यातच १८६७ साली इंदापुरापासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. ती पुढे भीमथडीतही आली. आजचा दौंड तालुका तेव्हा भीमथडीत मोडत असे, बरं का. उत्पन्न खाली आणि सारा वर, अशा कात्रीत शेतकरी सापडला.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. त्याच युद्धात अमेरिकेच्या उत्तर भागात लिंकनच्या सरकारविरुद्ध गुप्त मंडळे निघाली होती. शपथा, खुणेचे शब्द, रात्रीच्या बैठका असा सगळा थाट. ‘नाइट्स ऑफ द गोल्डन सर्कल’ आणि ‘सन्स ऑफ लिबर्टी’ ही त्यांतली गाजलेली नावे. या मंडळांनी प्रत्यक्षात फार मोठे काही केले नाही. पण त्यांच्या धास्तीने सरकारने १८६४ साली इंडियाना राज्यातल्या काही नागरिकांना थेट लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि फाशीची शिक्षा फर्मावली. पुढे १८६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलकी न्यायालये उघडी असताना नागरिकाचा न्याय लष्कराने करायचा नाही. गुप्त मंडळ लहान असते, पण त्याची सावली मोठी पडते आणि ती भलत्याच माणसांवर पडते. एवढे ध्यानात ठेवा. आपल्याकडेही तेच होणार आहे.

आता पुन्हा शिरूरला येऊ. १८७४ च्या अखेरीस शिरूरजवळच्या करडे गावात एका सावकाराने एका देशमुखाविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे राहते घर पाडायला घेतले. कर्ज म्हणाल तर दीडशे रुपयांचे. गाव चिडले, पण त्याने हत्यार उचलले नाही. सावकाराच्या शेतात कुणी राबायचे नाही, त्याचे पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, असा सगळ्यांनी मिळून ठराव केला. करड्याची ही तऱ्हा गावोगाव पसरली.

मग १२ मे १८७५ रोजी सुप्याला, आठवड्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होते. पाठोपाठ आपले केडगाव पेटले, शिरूर तालुका पेटला आणि वणवा नगर जिल्ह्यात गेला. जमावाला काय हवे होते? दस्तऐवज. कर्जरोखे आणि हुकूमनामे. सावकाराने निमूटपणे कागद पुढे केले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. काही ठिकाणी घरे जळली, मारहाण झाली, हेही खरे आहे, ते झाकायचे कारण नाही. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसे धरली गेली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. हे सारे दिवसाढवळ्या, भरबाजारात, आपल्या नावागावानिशी घडले. गुपित असे त्यात काही नव्हते.

आणि दुसऱ्याच वर्षी पावसाने दगा दिला.

१८७६-७७ चा दुष्काळ म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला काळ. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. आज तुम्ही ज्या जंक्शनवर गाडी बदलता, त्याच्या या फाट्याचा भराव दुष्काळी कामावरच्या मजुरांनी टाकलेला आहे. अशा कामांवर मजुरी किती द्यायची, ते ठरवायला सर रिचर्ड टेंपल हे बडे अधिकारी आले. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी मापच बसवून दिले : कामकरी पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे नाणे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे! उन्हात माती वाहणाऱ्या माणसाला! ठिकठिकाणी मजुरांनी फावडी टाकली आणि ते उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. हेच टेंपलसाहेब त्याच साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्यांचे नाव लक्षात असू द्या.

पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात तेव्हा एक कारकून होता. मूळ गाव पनवेलजवळचे शिरढोण, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. न्यायमूर्ती रानड्यांची देशी व्यापारावरची व्याख्याने त्याने ऐकली होती. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तो दांडपट्टा शिकला होता. पुण्यात देशी शाळा काढण्याच्या खटपटीत तो वामन प्रभाकर भाव्यांच्या बरोबर होता. दुष्काळात त्याने मुलूख पाहिला. अन्नावाचून मरणारी माणसे पाहिली. मग त्याने सरकारी नोकरीला रामराम ठोकला.

फडक्यांनी आधी पुण्यातल्या शिकल्यासवरल्या आणि पैसेवाल्या लोकांकडे मदत मागून पाहिली. कुणी दाद दिली नाही. तेव्हा ते रामोश्यांकडे वळले. आता रामोशी म्हणजे कोण, हे पुरंदर-भीमथडीच्या माणसाला सांगायला नको. गडाची, गावाची राखण हे त्यांचे वंशपरंपरेचे काम. इंग्रजी आल्यावर ते हक्क गेले आणि राखणदारच संशयित ठरले. याच समाजातल्या उमाजी नाइकांनी पूर्वी पुरंदरच्या मुलखात बंड केले होते आणि १८३२ साली पुण्यात ते फासावर गेले होते. म्हणजे ठिणगी जुनीच होती. दौलतराव नाइकासारखा धाडसी गडी फडक्यांना याच समाजातून मिळाला. बरोबर गोपाळ हरी कर्वे, विष्णू गद्रे, गोपाळ साठे अशी चारदोन पुणेकर तरुण मंडळी. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंदच्या रानात ही टोळी जमली.

बेत काय होता, हे फडक्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जागोजाग लहान लहान टोळ्या पाठवायच्या, म्हणजे सरकार गोंधळेल. टपाल अडवायचे, आगगाडी बंद पाडायची, तारा तोडायच्या. एका गावची खबर दुसऱ्या गावाला जाता कामा नये. तुरुंग फोडायचे, कैदी येऊन मिळतील. आणि या साऱ्यासाठी आधी पैसा हवा, म्हणून धाडी घालायच्या.

पहिली धाड धामारीवर. गावातल्या सावकाराच्या घरी सरकारी वसुलीचा पैसा ठेवलेला असतो, अशी खबर होती, असे सांगतात. हाती लागलेली रक्कम मात्र बेताचीच होती. मग खेड तालुका, पुरंदरातले वाल्हे, अशा धाडींवर धाडी झाल्या. टोळी आज इथे, तर उद्या तिथे. गावाने भाकरी द्यायची आणि पोलिसाने विचारले तर ‘आम्ही नाही पाहिलं’ म्हणायचे. टोळीची खरी तटबंदी हीच होती. तलवारी थोड्याच होत्या.

पण मंडळी, इथे थांबून नीट विचार करा. बंड सरकारविरुद्ध होते, आणि घर फुटले ते गावातल्या सावकाराचे. ज्याच्या घरावर रात्री मशाली आल्या, ज्याची बायकापोरे कोपऱ्यात थरथरत बसली, त्याच्या लेखी हा दरोडाच होता. सरकारलाही हेच म्हणायला हवे होते. शिवाय टोळीतल्या बऱ्याच गड्यांना वाटणीची घाई असे. मिळालेला पैसा पुढच्या कामासाठी राखावा असे फडक्यांना वाटे. ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही, त्याला आजचे पोट दिसे. फडक्यांनी आपल्या रोजनिशीत यावर त्रागा केला आहे. मला विचाराल तर दोष एकट्या रामोश्यांना देता येणार नाही. गुप्त मंडळाची अडचणच ही, की त्याला आपला हेतू चारचौघांत, चावडीवर सांगता येत नाही. करड्याच्या ठरावाचे शब्द गावातल्या न्ह्याव्यालासुद्धा ठाऊक होते. धामारीच्या धाडीमागचे स्वराज्य किती जणांना ठाऊक होते?

निराश होऊन फडके श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. देह देवाच्या पायी वाहावा, असेही त्यांच्या मनात होते. आपली जीवनकहाणी त्यांनी तिथे लिहून काढली. पण मे महिन्यात बंडाने पुन्हा उचल खाल्ली. सरकारला उद्देशून जाहीरनामा निघाला : लोकांना अन्न द्या, काम द्या, सारे कमी करा, नाहीतर पुन्हा सत्तावन होईल. गव्हर्नर टेंपल यांच्या डोक्यासाठी इनाम लावले गेले. ज्याने दुष्काळात माणसाच्या पोटाचे माप पौंडात ठरवले, त्याच्या शिराची आता किंमत ठरली! विलायतेच्या वर्तमानपत्रांतही यावर लिहून आले.

याच मे महिन्यात, १३ तारखेच्या रात्री, पुण्यातला बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही आग लागली. लगेच बोट दाखवले गेले ते फडक्यांच्या गुप्त मंडळाकडे. तपासाअंती हे काम सरकारी पुस्तक डेपोतल्या एका नोकराचे निघाले. अफरातफर झाकायला त्याने काडी लावली होती. पण तोवर सावली पडायची तिथे पडली होती. रानड्यांसारख्या सरळमार्गी माणसाची बदली धुळ्याला झाली आणि त्यांच्या पत्रांवर नजर ठेवली गेली. ज्यांनी आयुष्यभर सनदशीर मार्गाने, अर्ज-विनंत्यांनी काम केले, त्यांच्यावर ही पाळत! अमेरिकेची गोष्ट मी मघाशी सांगितली, ती याचसाठी.

पुढचे भराभर घडले. कोकणात पळस्पे-चिखलीला मोठी लूट झाली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव नाईक गोळी लागून पडले. फडके निजामाच्या मुलखात गेले, रोहिल्यांची नवी फौज जमवू लागले. डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक पाठीवर होतेच. विजापूरकडच्या देवर नावडगी गावात, जुलैच्या एका रात्री, फडके झोपेत सापडले.

पुण्यात खटला चालला. ज्यांच्यावर सरकारची वक्र नजर, त्या सार्वजनिक सभेचेच गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आरोपीचे वकील म्हणून उभे राहिले. त्या दिवसांत याला छाती लागत होती. पुराव्यात मोठा वाटा होता तो फडक्यांच्याच हस्ताक्षरातल्या रोजनिशीचा. गुप्त मंडळ चालवणाऱ्या माणसाने सगळे कागदावर उतरवून ठेवावे, याचे नवल वाटते. पण ते कागद नसते, तर आज आपल्याला सरकारने लिहिलेला एक दरोडेखोर तेवढा ठाऊक असता. शिक्षा झाली जन्मठेप, काळे पाणी. ठिकाण एडन. तिथल्या तुरुंगातूनही ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. वय अवघे सदतीस.

त्याच १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जासाठी कुणब्याला तुरुंगात टाकण्याला आळा बसला, आणि रोख्यावर आकडा काय आहे एवढेच न पाहता मूळ मुद्दल किती होते ते न्यायाधीशाने तपासावे, असे ठरले. हा कायदा आला तो सुपे-केडगावच्या दंग्याची चौकशी झाली त्यातून. धामारीच्या धाडीने त्याला किती हात दिला, यावर वाद घालता येईल. माझे मत असे, की कायदा बाजारातल्या उघड्या जमावाने मिळवला, आणि तो करताना राज्यकर्त्यांच्या मनात भीती होती ती रानातल्या टोळीची.

गुरुजी, आपल्या मुलांना एक काम सांगा. फडके, कर्वे, साठे, गद्रे ही नावे पुस्तकात मिळतात. दौलतरावांचेही मिळते. पण त्यांच्या बरोबर रानोमाळ फिरलेले, गोळ्या खाल्लेले, शिक्षा भोगलेले रामोशी गडी बहुतेक आरोपींच्या यादीतच राहिले. पाबळ, धामारी, केंदूर या पट्ट्यात आणि इकडे भीमेच्या काठाला त्यांची घरे आहेत. मुलांनी वहीपेन्सिल घेऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, आणि आजा-पणजाच्या आठवणीत कुणाचे नाव निघते का, ते लिहून आणावे.