शिंप्याची टेप
(स्नेहमेळाव्यातील भाषण, दहावी 1984 ची तुकडी)



आत्ताच जिलबी-मठ्ठ्याचं जेवण झालंय आणि संयोजकांनी नेमकं डॉक्टरला बोलायला उभं केलंय. जिलबी मीही खाल्ली, तेव्हा घाबरू नका.

ही खिशातली टेप बघा. शिंप्याकडे असते तीच. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापायचं. आपल्याकडे पुरुषांचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत हवा, बायकांचा 80 च्या. पँटचा नंबर 34 आहे म्हणून खूश राहू नका, आपला पट्टा कधीच पोटाखाली सरकलाय.

घेर ही पाचातली एक गोष्ट. उरलेल्या चार रक्तदाबाच्या आणि रक्ताच्या तपासणीत कळतात: रक्तदाब 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत 40 च्या, बायकांत 50 च्या खाली. गोळी घेऊन आकडा ताब्यात असला तरी तो धरायचाच. पाचातल्या कुठल्याही तीन असल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. दुखत काहीच नाही, म्हणून कुणी येत नाही.

किती जणांना असतो? भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून 2020 मध्ये काढलेला अंदाज आहे: प्रौढांत सुमारे 30 टक्के, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि पन्नाशीत जवळजवळ निम्मे. आज हॉलमध्ये आपण 58 आहोत. हिशेब तुम्हीच करा, गणिताच्या बाई समोरच बसल्यात.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं. जन्माला येताना वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली. हातपाय काडीसारखे आणि पोटाला नगारा, हे आपलं शरीर.

आपल्यातही एक 'काडी' होता. खो-खोत कुणाला सापडायचा नाही. पाच वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा शर्टाची मधली बटणं ताणलेली दिसली. मी डॉक्टर, मला कळलं होतं. 'ये एकदा, साखर बघू' हे एवढं वाक्य मी बोललो नाही, लग्नात कुठे बोलायचं म्हणून. दीड वर्षाने पहिला झटका आला, तोच शेवटचा. त्या दिवशी साखर 280 होती. मधुमेह आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

म्हणून आज लग्न नसलं तरी जेवणावळीत बोलतोय. टेप चहाच्या टेबलावर ठेवतो. शेजारी वही आहे, पहिलं नाव माझंच लिहिलंय: घेर 94, रक्तदाबाची गोळी चालू, ट्रायग्लिसराइड 180. तीन भरले. पुढचा नंबर कुणाचा?