फास्ट आहे, पण वळता येतं का?

मी नॉर्वेतून बोलतेय. इथे हिवाळ्यात शनिवार-रविवारी मी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना अल्पाइन स्कीइंग शिकवते, म्हणजे डोंगरउतारावरचं स्कीइंग. आजचा प्रश्न एका बाबांच्या व्हॉइस नोटमधून आलाय : “मुलगी आठ वर्षांची आहे, ग्रुपमध्ये सगळ्यांत फास्ट. रेसचं ट्रेनिंग सुरू करू का?”

दादा, ती फास्ट आहे हे छानच. पण उतारावर सरळ सोडून दिलं तर कुठलंही मूल फास्ट जातं. तेव्हा आधी तिची वळणं बघा.

सुरुवातीला मुलं ‘पिझ्झा’ करतात. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की ब्रेक लागतो. पुढे दोन्ही स्की समांतर ठेवून वळायला शिकतात. इथेच खरी गंमत आहे. वळताना वजन बाहेरच्या स्कीवर हवं. डावीकडे वळताना उजव्या पायावर, उजवीकडे वळताना डाव्यावर. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी आणि हात समोर.

लहान मुलं मागे रेलतात, बसल्यासारखी. त्यांना ओरडू नका. शरीराच्या मानाने त्यांचं डोकं जड असतं, पायात ताकद कमी असते. त्यात आपण बूट घेतो दोन साइझ मोठा, ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून! पाय आत हलत राहतो, मग स्कीला काही कळतच नाही. मोठ्यांसारखा कडक रेसिंग बूटही नको. मुलाला घोटा वाकवता आला पाहिजे.

आता हेच मूल गेट्समध्ये, म्हणजे रेसच्या खांबांमध्ये सोडलं तर काय होतं? त्याची नजर खांबावर. कसंही करून पलीकडे जायचं, म्हणून खांदे फिरवतं, स्की घसरते, पण खांब पार होतो. त्याला वाटतं, जमलं! हेच शेकडो वेळा झालं की अंगवळणी पडतं. मग बाराव्या वर्षी उतार तीव्र होतो, बर्फ कडक होतो, आणि ती युक्ती चालत नाही. मूल पडतं, मागे पडतं आणि एक दिवस म्हणतं, “मला नाही यायचं.”

मल्लखांबात नाही का, आधी साधी अढी पक्की करून घेतात, मग पुढचं. तसंच हे.

मग करायचं काय? खेळ! काठ्या बाजूला ठेवा आणि हात विमानासारखे पसरून वळा. एक स्की काढून एका पायावर घसरा. वळताना आतली स्की उचला, वजन आपोआप बाहेरच्या पायावर जातं. उताराला आडवं उभं राहून हळूहळू खाली घसरा, मध्येच थांबा, पुन्हा घसरा. यातून स्कीची कड कधी रोवायची, कधी सोडायची ते पायाला कळतं. छोटे उंचवटे, मऊ बर्फ, झाडांजवळच्या सोप्या वाटा, सगळीकडे फिरवा.

माझ्या ग्रुपमधला एक नऊ वर्षांचा मुलगा डावीकडे झकास वळायचा, उजवीकडे मात्र पिझ्झा. त्याला रेस-ग्रुपला पाठवायला मी नाही म्हटलं. सहा आठवडे आम्ही डाव्या पायाचेच खेळ खेळलो. यंदा तो गेट्समध्ये आहे. त्याचे बाबा अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात, चालायचंच!

नॉर्वेत १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत. आज मूल ११ वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत क्रमवारी लावत नाहीत. तरीही २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १६ सुवर्णपदकं याच देशाची. नियमांमुळेच मिळाली असं मी म्हणत नाही, पण थांबल्याने नुकसान झालं असंही दिसत नाही. अमेरिकेची मिकेला शिफ्रिन बघा. लहानपणी तिच्या घरच्यांचा भर रेसपेक्षा सरावावर होता. २०१४ मध्ये, १८ व्या वर्षी, तिने स्लॅलममध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

तर दादा, मुलीचा मागून व्हिडिओ काढा. दोन्ही बाजूंची वळणं सारखी आहेत? काठ्यांशिवाय जमतं? सांगाल तिथे थांबते? तिन्हीला ‘हो’ असेल तर आठवड्यातून एकदा गेट्स, छोट्या खांबांपासून. नसेल तर हा सीझन खेळू द्या. आणि परत येताना ती “अजून एक राउंड!” म्हणतेय ना, तेही बघा.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!