पोरगं घरी ठेवायलाही सरकारी पैसा असतो
(कल्याण तालुक्यातील प्रभागसंघाच्या सभेत एका ग्रामसंघाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण)



कर्जफेडीचा हिशेब आत्ताच झाला, सगळ्या दमल्यात, हे मला दिसतंय. पण आज मी पैशाचंच बोलणार आहे. आपल्या हक्काचा असून आपण मागितला नाही, त्या पैशाचं.

आमच्या गटातल्या एका ताईचा मुलगा, वय 15. गावाचं नाव सांगणार नाही, मुलाचं तर नाहीच. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा ती पाळली पाहिजे असं माझं मत आहे. नवरा वारल्यावर ताई डोंबिवलीला धुणीभांडी करायची. पहाटेची गाडी, रात्री घरी. पोरगा दोन मोठ्या पोरांच्या नादी लागला आणि चोरीच्या मोटारसायकलीवर सापडला.

त्या रात्री एक ओळखीचा माणूस घरी आला. "दहा हजार द्या, मी सोडवून आणतो, तुम्ही तिकडे येऊ नका." ताईने कानातल्या कुड्या गहाण ठेवल्या, उरलेले गटातून उचलले. कारण लिहिलं 'आजारपण'. आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं केलं, तेव्हा त्याच्या बाजूने घरचं कुणीच नव्हतं. ताब्यात द्यायचं कोणाच्या? गेला भिवंडीच्या निरीक्षणगृहात. आपण ज्याला रिमांड होम म्हणतो, तिथे.

19 दिवस होता. ताई टिटवाळ्याहून कल्याण, कल्याणहून भिवंडी अशी जायची, प्रत्येक फेरीला एक खाडा. दोन घरांनी कामावरून काढलं. आणि आमच्या गटात काय झालं, तर एकजण म्हणाली, "हिला आता बैठकीला बसवायचं का?" मी गप्प बसले. ते मला अजून सलतं.

मग मी तालुक्याला जाऊन विचारपूस केली. जे कळलं ते तुम्हाला सांगते, म्हणजे तुमच्यावर दहा हजार घालवायची वेळ येणार नाही.

2015 चा बाल न्याय कायदा म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. 18 वर्षांखालच्या मुलाला पोलिसांच्या लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली निदान एक बाई. जामीन द्यायचा हाच नियम. जामीनदार नसला तरी चालतो. बाहेर गेला तर गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायच होणार नाही असं वाटलं, तरच अडवतात. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन अहवाल लिहितात. आमच्याकडे आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "आई कामावर असते तेव्हा ह्याच्याकडे बघणार कोण?" अंगणात आम्ही सहाजणी होतो. त्यातल्या पाचजणी जमिनीकडे बघत राहिल्या. सहावी आमची सत्तरीतली आजी. ती म्हणाली, "माझ्याकडे बसंल. शेळ्या हायेत." ते अहवालात गेलं. मुलगा घरी आला, देखरेखीखाली.

पुढे मंडळाने त्याला समज दिली आणि समाजसेवा लावली. 14 वर्षांवरच्या मुलाला ती देता येते, आणि कायद्यात स्पष्ट आहे की ती संस्थेच्या किंवा मंडळाने ठरवलेल्या लोकांच्या गटाच्या देखरेखीखाली करायची. लोकांचा गट, बायांनो! असा गट आपणही होऊ शकतो. दर शनिवारी तो शाळेच्या बागेला पाणी घालायचा, आमच्यातली एकजण वहीत सही करायची.

आता पैशाचं. मिशन वात्सल्य नावाची योजना आहे, केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. संस्थेतल्या एका मुलाच्या जेवणखाण-कपड्यांसाठी त्यात महिन्याला 3000 रुपये धरतात. इमारत आणि पगार वेगळे. त्याच योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा पालकाच्या मुलाला घरीच सांभाळायला महिन्याला 4000 रुपये मिळू शकतात. खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवं, शहरात 96 हजारांच्या. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनाही आहे, तिचे 2250 रुपये. तुमच्याकडे कुठली लागू होते ते ठाण्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगतो.

हे मी बैठकीत सांगितलं तर एकजण फटकन म्हणाली, "म्हणजे चोराला पगार?" नाही हो. ताईला हा हक्क नवरा गेला त्या दिवसापासून होता. मुलगा सातवीत होता तेव्हापासून. तेव्हा अर्ज भरला असता तर ती डोंबिवलीची दोन घरं सोडून संध्याकाळी घरी असती. मग मोटारसायकल उचलली गेली नसती का? ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आम्ही कर्जाचे अर्ज दहा भरले आणि हा एक भरला नाही, एवढं खरं. तिच्या धाकटीचा अर्ज आता गेलाय. दोनदा त्रुटी काढून परत आला, तिसऱ्यांदा घेतला.

त्या दोन मोठ्या पोरांचंही विसरू नका. लहान मुलांना हाताशी धरून गुन्हा करवून घेणाऱ्या सज्ञान माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड होऊ शकतो. हे गावात मोठ्याने बोला.

आणखी एक. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्यातून शिलाई मशीन आणि खुर्च्या आल्या. खुर्च्या बऱ्याच आहेत आता. येत्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडतोय, की संध्याकाळी 5 ते 8 शाळेची एक खोली उघडी ठेवावी, दिवा-पंखा चालू, आणि मुलांजवळ बसणाऱ्या बाईला मानधन द्यावं. सरपंच म्हणतात बघू. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे, तिची बैठक लावा असंही लेखी दिलंय.

तुमच्या गावात विधवा, टाकलेली, आजारी अशी कोण आहे, ज्यांची मुलं 18 च्या आत आहेत? आपापल्या गटाची नावं आज जेवायच्या आधी माझ्या वहीत लिहा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड आणि बँक पासबुक एवढं गोळा करायला सांगा. मुलाच्या अडचणीत रात्री-अपरात्री 1098 लावा. कोरे अर्ज 40 आणलेत, पिशवी त्या खिडकीपाशी आहे.